अळिंबी (मशरूम) काढून झाल्यावर उरलेल्या काडाचे काय?

काड-भुशाच्या कचऱ्यावर अळिंबी वाढवली की तो कचरा संपतो, असे म्हटले जाते. गव्हाचे काड, भाताचा पेंढा किंवा लाकूड कापताना पडणारा भुसा लवकर कुजत नाही, कारण वनस्पतीच्या पेशीभित्तिकेतील सेल्युलोजभोवती लिग्निनचे चिवट वेष्टण असते आणि बहुतेक जिवाणूंना ते भेदता येत नाही. धिंगरी (ऑयस्टर मशरूम) आणि शिताके या खाद्य अळिंबी मात्र लाकडात ‘पांढरी कुज’ घडवणाऱ्या कवकांपैकी आहेत. लॅकेज, मँगनीज पेरॉक्सिडेज यांसारखी विकरे (एन्झाइम) बाहेर सोडून त्या लिग्निनचेच तुकडे पाडतात. (सर्वांच्या परिचयाची बटण अळिंबी या कामाला उपयोगाची नाही, कारण तिला आधीच कुजवून तयार केलेले कंपोस्ट लागते.)

लागवडीची पद्धत सर्वत्र वर्णिलेली असल्याने तिच्या तपशिलात मी शिरत नाही. काड भिजवून गरम पाण्याने किंवा वाफेने तापवणे तेवढे टाळू नये. नाहीतर ट्रायकोडर्मासारखी हिरवी बुरशी धिंगरीच्या आधी काडाचा ताबा घेते.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो वजनाचा हिशेब. १०० किलो कोरड्या काडातून ७० ते १०० किलो ताजी धिंगरी मिळू शकते, हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. परंतु ताज्या अळिंबीत सुमारे ९० टक्के पाणी असते, म्हणजे तिच्यातील घन पदार्थ जेमतेम ७ ते १० किलो भरतो. काडाचा बराच मोठा भाग कवकाच्या श्वसनातून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊन निघून जातो, आणि तरीही निम्म्याच्या आसपास काड लागवडीच्या पिशवीत शिल्लकच राहते. तेव्हा अळिंबीमुळे कचरा संपतो असे म्हणणे मला अतिशयोक्तीचे वाटते. तिने काड पोखरून मऊ केलेले असते आणि मूळच्या काडापेक्षा त्यात कार्बनच्या तुलनेत नत्राचे प्रमाण वाढलेले असते. त्यामुळे ते कंपोस्टच्या ढिगात ताज्या काडापेक्षा लवकर कुजते. लिग्निन सुटल्यामुळे ते चारा म्हणूनही सुचवले जाते, पण हिरवी बुरशी धरलेली पिशवी जनावरांपुढे मुळीच टाकू नये.

काड निवडतानाही सावध राहावे. अळिंबी कॅडमियमसारखे जड धातू शोषून स्वतःत साठवू शकते. म्हणून रंगवलेल्या किंवा रासायनिक प्रक्रिया केलेल्या लाकडाचा भुसा खाण्याच्या अळिंबीसाठी वापरू नये.