विहिरीत पोहायला शिकलेल्यांसाठी बोनेअर

आपल्या गावांत पोहणं विहिरीत शिकतात. कमरेला डबा नाहीतर ट्यूब बांधायची आणि थारोळ्यावरून उडी. त्यामुळे खोल पाण्याची भीती लवकर जाते, पण उथळ, हलत्या पाण्यात पाय रोवून चालायची सवय लागत नाही. आणि बोनेअरला नेमकी तीच लागते.

व्हेनेझुएलाच्या उत्तरेला असलेलं हे डच बेट किनाऱ्यावरून स्कुबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहणं, करायला फार सोपं आहे. वारा जवळपास वर्षभर पूर्वेकडून वाहतो, म्हणून पश्चिम किनारा आडोशाला राहतो आणि तिथलं पाणी शांत असतं. शिवाय प्रवाळ अगदी जवळ. थोडं पोहलं की साधारण 10 मीटर खोलीवर उतार सुरू होतो. बोट लागत नाही. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड असतात, तसे इथे डायव्हिंगच्या जागांची नावं लिहिलेले पिवळे दगड आहेत. दगड दिसला की गाडी लावायची.

अवघड असतात ती काठावरची दहा-पंधरा पावलं. तळाला जुन्या प्रवाळाचा धारदार खडक, त्यावर शेवाळ, आणि फटींत काळ्या लांब काट्यांचे समुद्री साळू. जाड तळव्याचे बूट आणि त्यावर चढणारे पट्ट्याचे फिन्सच (पोहताना पायात घालायचे पंखे) घ्या. फिन्स हातात, मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारा भाग) तोंडात, बीसीडीत (हवा भरून तरंगायच्या जाकिटात) अर्धी हवा. दोघांनी एकमेकांचा दंड धरायचा आणि पाऊल न उचलता सरकवत जायचं. लोक पडतात ते बहुधा गुडघाभर पाण्यात, कारण तिथे लाट पाय ओढते आणि पाठीवरच्या टाकीचं वजन मात्र पूर्ण असतं. कंबरभर पाणी आलं की आडवं होऊन फिन्स चढवा. तोल गेलाच तर हात टेकायला जाऊ नका, सरळ पाण्यात बसा. हातमोज्यांना इथे बंदी आहे, त्यामुळे काटा थेट तळहातात शिरतो. परतताना हाच क्रम उलटा. जमिनीवर उभे राहीपर्यंत रेग्युलेटर तोंडातून काढू नका.

पाण्याखाली जायला अंगावर जे शिसं बांधायचं, त्याच्या वजनाचा हिशेब आधी करा. खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं पाणी जिभेला खारट लागलं, तरी समुद्रापुढे ते गोडंच. माणूस आणि सामान मिळून 100 किलो असेल, तर गोड्या पाण्यापेक्षा समुद्रात अडीच किलो शिसं जास्त लागतं. जागेची ओळख करून घेण्यासाठीची पहिली डाइव्ह इथे सक्तीची आहे, तिच्यातच हे पारखून घ्या. बीसीडी रिकामी करून साधा श्वास धरला की पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं. टाकी भरलेली असेल तर वर 2 किलो धरा, कारण वापरलेल्या हवेचं तेवढं वजन शेवटी कमी होतं.

वाऱ्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती फारसं कोणी सांगत नाही. तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. दूर जाऊन वर आलात तर पृष्ठभागावरून परतताना दमछाक होते. म्हणून जाताना प्रवाहाच्या विरुद्ध जा, टाकीत 120 बार (हवेच्या दाबाचं माप) उरले की वळा आणि तळालगतच परत या. दिशा चुकली तर होकायंत्रावर पूर्व धरा, उतार चढत राहा.

सुरुवातीला शहराजवळचं बारी रीफ घ्या, मासे भरपूर. मिठाच्या धक्क्याचे खांब सुंदर आहेत, पण जहाज लागलेलं असेल तर तिथे उतरायचं नाही. ‘थाउजंड स्टेप्स’ला पायऱ्या साठ-सत्तरच आहेत, तरी टाकी घेऊन चढताना हजार वाटतात. 1984 साली बुडालेलं ‘हिल्मा हूकर’ हे 72 मीटर लांबीचं जहाज जवळपास 30 मीटरवर आडवं पडलंय. फक्त 18 मीटरचं प्रशिक्षण असेल तर त्याची वरची बाजू पाहून फिरा, आत मुळीच शिरू नका.

गाडीत पैसे, पासपोर्ट, फोन काहीच ठेवू नका. चोऱ्या होतात, म्हणून तिथले लोक काचा खालीच ठेवतात, म्हणजे निदान फुटत तरी नाहीत. आणि परतीचं तिकीट काढताना शेवटची डाइव्ह आणि विमान यांत किमान 18 तास राहतील असं बघा.