पाळकसाहेबांचा शेजार

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे, असे मुख्याध्यापकांचे पत्र आले. शाळेविषयी लिहायला बसलो, तर सर्वांत आधी आठवले ते नांदेडच्या रेल्वे वसाहतीजवळचे, माझ्या बाकावर बसणाऱ्या मित्राचे घर. त्याचे वडील लुथरन पाळक, म्हणजे जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या शिकवणीवर चालणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे धर्मगुरू होते.

आंध्रात गुंटूर येथे १८४२ साली लुथरन मिशनचे काम सुरू झाले. पाळकसाहेब त्याच भागातले. दक्षिण मध्य रेल्वेच्या नोकरीमुळे नांदेडला आलेल्या तेलुगू कुटुंबांची उपासना ते चालवीत. ती मंडळी त्यांना 'अय्यगारु' म्हणत, आम्ही मराठी मुले 'पाळकसाहेब'.

१९८३ साली, मी नववीत असताना, वडिलांना क्षय झाला. ते रेल्वेत गँगमन होते. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने सुरू झाली आणि आमच्याकडचे येणेजाणे थांबले. नळावर आईची घागर इतरांच्या घागरींपासून लांब ठेवली जाऊ लागली. अशा एका संध्याकाळी पाळकसाहेब आले आणि वडिलांच्या खाटेजवळ गोणपाटावर बसले. आईने त्यांच्यासाठी पितळेचा वेगळा पेला घासून पुसून काढला होता. तो पाहून ते म्हणाले, "ताई, घरातल्या कपातच द्या." पुढे आरोग्य खात्यात नोकरी करताना मी शिकलो की, क्षय खोकल्यावाटे हवेतून पसरतो, कपबशीतून नव्हे. त्यांना हे तेव्हा ठाऊक होते की नव्हते, कोण जाणे. पण त्यानंतर ते आठवड्यातून तीनदा तरी येत आणि त्याच कपातून चहा घेत. धर्माची गोष्ट त्यांनी आमच्या घरात कधी काढली नाही. बहुतेक वेळ वडील बोलत, रुळांविषयी, पावसात खचलेल्या भरावाविषयी, आणि ते ऐकत.

मित्राला मार्टिन ल्यूथरची १५२९ सालची लहान प्रश्नोत्तरी, म्हणजे ख्रिस्ती शिकवण प्रश्नोत्तरांत सांगणारी पुस्तिका, पाठ करावी लागे. 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' या प्रार्थनेतल्या भाकरीत काय काय येते, हे त्याने मला एकदा म्हणून दाखवले: अन्न, वस्त्र, घर, शेत, गुरेढोरे, चांगले हवामान, आणि अगदी शेवटी चांगले शेजारी. भाकरीच्या यादीत शेजारी कसा, असे मला त्या वेळी वाटले होते. १५२७ साली जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये प्लेग आला, तेव्हा ल्यूथर गाव सोडून गेले नाहीत, त्यांनी आपल्या घरात आजाऱ्यांना ठेवून घेतले आणि संकटात पाळकाने लोकांना सोडून जाऊ नये असे लिहिले, हे मी फार उशिरा वाचले. वाचताना डोळ्यांपुढे आला तो आमच्या खोलीतला गोणपाट.

एक गोष्ट येथे लिहायलाच हवी. वडील गावाकडे गेले आहेत, असे मी वर्गात सांगत असे. खरे माहीत असूनही मित्र गप्प राहिला. एका संध्याकाळी पाळकसाहेबांना फाटकापर्यंत सोडायला गेलो असताना माझ्याच्याने राहवले नाही आणि मी सगळे सांगून टाकले. ते रागावले नाहीत. "तू सांगितलेस, आता ते ओझे तुझ्यावर नाही," एवढे म्हणून त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि रोज अर्धा तास वडिलांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला सांगितले. पाळकाजवळ खासगीत कबुली देण्याची रीत लुथरन मंडळींनी टिकवली आहे आणि ऐकलेली कबुली पाळकाने कोठेही बोलायची नसते. मी त्यांच्या मंडळीतला नव्हतो, तरी तो नियम त्यांनी माझ्यासाठीही पाळला. आईला ती गोष्ट कधीच कळली नाही.

दुसऱ्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडावर, वडील गेले. शेवटच्या रात्री पाळकसाहेब खाटेशी बसून होते. तेलुगूत ते हळू काही म्हणत होते आणि वडिलांचा हात त्यांच्या हातात होता. पहाटे त्यांनीच आईला हाक मारली.

तेरावा झाल्यावर मी शाळेत गेलो. वर्गशिक्षकांनी विचारले, "वडील गावाकडे होते ना रे?" मी उभा राहिलो आणि म्हणालो, "नाही सर, घरीच होते. क्षयाने गेले." वर्ग शांत झाला. मी खाली बसलो, तेव्हा मित्राने आपले दप्तर उचलून मांडीवर घेतले आणि बाकावर माझ्यासाठी जागा केली.