तुम्ही विचारलंत म्हणून: त्याच लहरी, मग शेजारच्या देशात इतक्या स्वस्त कशा गेल्या?

स्पेक्ट्रमच्या, म्हणजे मोबाईल वगैरेंच्या रेडिओ लहरींच्या, कामात आहे म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात बऱ्याचदा संशय असतो. सन २००० मध्ये युरोपात सरकारांनी थ्रीजी मोबाईलच्या लहरी वापरायच्या परवान्यांचे लिलाव केले, ब्रिटनला माणशी साधारण ६५० युरो मिळाले, जर्मनीला ६१५, आणि स्वित्झर्लंडला फक्त २०. लहरी त्याच, टॉवरवरची मशीन तीच, वर्षही तेच, आणि स्वित्झर्लंड तर चांगला श्रीमंत देश, मग मधले पैसे कोणी खाल्ले का?

भाव पडायला कोणी पैसे खावे लागत नाहीत. परवाने किती, घ्यायला किती जण आले आणि शेजाऱ्याकडे आधी काय घडलं, एवढ्यावर बरंचसं ठरतं. पण नुसतं एवढं सांगून कुणाचं समाधान होत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ब्रिटनचा लिलाव सगळ्यात आधी झाला, मार्च-एप्रिल २००० मध्ये. परवाने ५, बोली लावायला १३ कंपन्या, फेऱ्या १५०, आणि शेवटी सरकारला मिळाले सुमारे २२.५ अब्ज पौंड. आता यातली खरी गोम अशी की ब्रिटनमध्ये आधीपासून धंदा करणाऱ्या मोबाईल कंपन्या होत्या ४, आणि परवाने ५. म्हणजे एक परवाना नव्या माणसाला जाणार हे आधीच पक्कं होतं, नियमातच तो नवख्यासाठी राखून ठेवलेला होता. त्यामुळे बाहेरच्या कंपन्यांना वाटलं की इथे आपल्याला संधी आहे, त्या तयारीनिशी आल्या, आणि त्या आल्या म्हणून जुन्यांनाही भाव चढवत न्यावा लागला.

हे बघून नेदरलँड्सने जुलैमध्ये जवळपास तोच नमुना उचलला, चढत्या बोलीचा. फक्त एक गोष्ट वेगळी होती, त्यांच्याकडे परवानेही ५ आणि जुन्या कंपन्याही ५. आता तुम्हीच सांगा, बाहेरच्या कंपनीने तिथे कशाला यावं? घरच्या पाचांना हरवायचं तर त्यांच्यापेक्षा जास्त पैसे ओतायचे, आणि त्यांच्याकडे ग्राहक, टॉवर, दुकानं सगळं आधीच. मग बाहेरच्या बड्या कंपन्यांनी सरळ घरच्यांशी भागीदारी केली आणि मैदानात उरले ६ जण, त्यातला सहावा म्हणजे व्हर्साटेल, तुलनेने छोटी कंपनी. लिलाव चालू असतानाच घरच्या पाचांपैकी टेलफोर्टने व्हर्साटेलला पत्र धाडलं, की तुम्ही फक्त आमचा खर्च वाढवायला बोली लावताय, आम्ही नुकसानभरपाईचा दावा लावू. थोड्याच दिवसांत व्हर्साटेल बाहेर पडली आणि खेळ संपला. माणशी १७० युरो, ब्रिटनच्या जवळपास चौथा हिस्सा, तेही ब्रिटननंतर अवघ्या तीन महिन्यांत.

ऑक्टोबरमध्ये इटली. तिथे त्यांनी हुशारी केली होती, बोली लावणारे परवान्यांपेक्षा जास्त नसतील तर परवाने कमी करायचे असा नियम ठेवला होता, पण ५ परवान्यांना ६ जण आले आणि सहाव्याने, ब्लू कंपनीने, दोन दिवसांच्या आतच अंग काढून घेतलं. माणशी २४०. नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रिया, ६ कंपन्या आणि लहरींचे १२ तुकडे, दोन-दोन घेऊन सगळे घरी गेले, माणशी १००. आणि मग स्वित्झर्लंड. ४ परवाने, सुरुवातीला ९ जण इच्छुक, आणि नियम असे की ऐनवेळीही एकमेकांत हातमिळवणी करायला मुभा. ती झाली आणि शेवटी उरले बरोबर ४. सरकारने घाबरून लिलाव पुढे ढकलला, पण डिसेंबरमध्ये तो घ्यावाच लागला, आणि राखीव किंमत, म्हणजे ज्याच्या खाली विकायचं नाही तो आकडा, इतकी खाली ठेवलेली होती की चारही परवाने मिळून जेमतेम २०५ दशलक्ष फ्रँक आले. त्यातल्या एकाने तर नेटवर्क उभंच केलं नाही, २००६ मध्ये त्याचा परवाना काढून घेतला.

पुढच्यास ठेच मागचा शहाणा म्हणतात ना, इथे शहाणे झाले ते बोली लावणारे. प्रत्येक देशाच्या दूरसंचार खात्याला वाटत होतं की आपला लिलाव हा आपला, स्वतंत्र. पण पलीकडे टेबलाशी बसणाऱ्या कंपन्या तर त्याच होत्या, एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या, आणि प्रत्येक मुक्कामी त्यांना कळत गेलं की कोणाच्या खिशात किती आहे, कोणाला कुठला देश हवाच आहे आणि कोणाशी भांडण्यात अर्थ नाही. शिवाय त्याच वर्षात शेअर बाजारातली टेलिकॉमची हवा निघत होती, ब्रिटन आणि जर्मनीत अब्जावधी ओतून झालेले, कर्ज देणारे हात आखडते घेऊ लागले. म्हणजे रांगेत शेवटी उभं राहिलेल्या देशाला लहरींचा भाव मिळतच नव्हता, आधीच्या लिलावांतून दमून आलेल्या कंपन्यांचा मिळत होता.

म्हणून मग दुसरा प्रश्न येतो, की सगळ्या शेजाऱ्यांनी मिळून एकाच दिवशी, एकाच पडद्यावर लिलाव का करू नये? कल्पना मला आवडते, फायदेही खरे आहेत. ज्या कंपनीला सलग चार देश हवेत तिला आज पहिला देश घेताना माहीतच नसतं की पुढचे तीन मिळणार की नाही, मग ती एक तर भीतीपोटी कमी बोलते नाहीतर जास्त देऊन अडकते. सगळं एकत्र विकलं तर भाव डोळ्यांसमोर असतात, इथला महाग झाला तर तिकडे वळता येतं. अमेरिकेत हे देशाच्या आतल्या आत केलेलं आहे, तिथे परवाना प्रदेशागणिक असतो, आणि डिसेंबर १९९४ ते मार्च १९९५ या काळात ५१ मोठ्या प्रदेशांचे ९९ परवाने एकत्र विकले, सुमारे ७ अब्ज डॉलर आले. पॉल मिलग्रॉम आणि रॉबर्ट विल्सन यांना २०२० चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच प्रकारच्या लिलावपद्धतीच्या कामासाठी.

पण एकत्र विकण्यातली मेख बघायची असेल तर १९९६-९७ च्या अमेरिकेतल्या लिलावातला एक किस्सा बघा, मी तो प्रत्येकाला सांगते. मिनेसोटातल्या रॉचेस्टरचा परवाना, यादीतला क्रमांक ३७८. त्यासाठी यूएस वेस्ट आणि मॅक्लाउड या दोन कंपन्या भिडल्या होत्या. बोल्या सहसा हजाराच्या पूर्ण आकड्यांत असायच्या. अचानक यूएस वेस्टने शेजारच्या आयोवा राज्यातल्या दोन परवान्यांवर बोली टाकली, तिथे तिने आधी रसही दाखवलेला नव्हता आणि मॅक्लाउड तिथे निवांत आघाडीवर होती. बोलीचे आकडे होते ३,१३,३७८ डॉलर आणि ६२,३७८ डॉलर. शेवटचे तीन अंक बघा. ३७८. म्हणजे तू रॉचेस्टर सोड, नाहीतर मी तुला आयोवात महागात पाडते. एक शब्द न बोलता, एक फोन न करता. मॅक्लाउडने रॉचेस्टर सोडलं. यानंतर अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने आकडे हाताने टाकायची मुभाच काढली, ठरलेल्या आकड्यांतून निवडायचं असं केलं. तर शेजारशेजारचे प्रदेश एका पडद्यावर आणले की बदला घ्यायची सोयही एका पडद्यावर येते, हे विसरून चालत नाही. माझं मत विचाराल तर तरीही एकत्र बरं, पण कोण काय बोलतंय ती नावं शेवटपर्यंत झाकलेली हवीत आणि आकडे ठरलेलेच हवेत.

आता ज्या गोष्टीबद्दल मला कोणीच विचारत नाही आणि माझ्या मते जी सगळ्यात महत्त्वाची आहे ती, सीमा. परवान्यावर देशाची हद्द लिहिलेली असते पण लहरींना ती वाचता येत नाही. बाझल शहर घ्या, स्वित्झर्लंड, फ्रान्स आणि जर्मनी तिथे एकमेकांना टेकतात. तिन्ही देशांच्या कंपन्यांनी तोच बँड, म्हणजे लहरींचा तोच पट्टा, आपापल्या सरकारकडून विकत घेतलाय, तिघींकडे कायदेशीर कागद आहे, आणि टॉवर उभे आहेत एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात. तिघींनी पूर्ण जोर लावला तर तिघींचाही फोन नीट चालणार नाही. म्हणून देशादेशांत करार असतात, सीमारेषेवर सिग्नलची ताकद किती असावी याची मर्यादा, कुठले कोड कोणी आधी वापरायचे याची वाटणी. फोरजीत सेल, म्हणजे टॉवरवरच्या एका अँटेनाचा टापू, ओळखायला ५०४ कोड असतात, ते सीमेजवळ शेजारी आपसांत वाटून घेतात.

फाइव्हजीमध्ये हे आणखी नाजूक झालं. ३.४ ते ३.८ गिगाहर्ट्झ या बँडमध्ये बोलणं आणि ऐकणं एकाच चॅनेलवर चालतं, वेळ वाटून, मिलिसेकंदांच्या हिशोबात. माझ्या टॉवरची ऐकायची पाळी आणि नेमका तेव्हाच पलीकडच्या देशातला उंचावरचा टॉवर बोलायला लागला तर माझ्या टॉवरला स्वतःच्या ग्राहकाचा बारीक सिग्नल ऐकूच येत नाही. उपाय आहे, दोन्हीकडची घड्याळं जुळवायची आणि पाळ्यांचा क्रमही सारखा ठेवायचा. पण हा क्रम लिलावाच्या अटींमध्ये लिहिला नसेल तर नंतर कोणी कोणाचं ऐकायचं? ज्याने जास्त पैसे मोजले तो म्हणतो मी का बदलू. आणि हे फक्त इंजिनिअरचं दुखणं नाही, सीमेजवळचा प्रदेश विकत घेणारा माणूस वाद सुटलेला नसेल तर कमीच बोलणार, कारण त्याला माहीत नसतं की कागदावर घेतलेल्या मेगाहर्ट्झपैकी हातात किती येणार. पाण्यातल्या म्हशीचं मोल कोण करणार?

भाव जास्त म्हणजे लिलाव चांगला, हे मला पटत नाही. जर्मनीत २००० साली ९८.८ अब्ज मार्क आले. सातवी कंपनी बाहेर पडल्यावरही उरलेल्या सहा जणी कित्येक फेऱ्या भाव चढवत राहिल्या, आणि शेवटी प्रत्येकीला मिळालं तेवढंच, दोन-दोन तुकडे, जे आधी थांबल्या असत्या तरी मिळालंच असतं. त्या सहांपैकी दोघींनी स्वतःचं नेटवर्क कधी चालवलंच नाही. तिजोरी भरली हे खरं, पण सहा कंपन्यांच्या स्पर्धेसाठी विकलं आणि स्पर्धा चारांचीच राहिली. आणि हो, नुसत्या तुकडे पाडण्यानेही भाव किती हलतो ते २०१८ च्या इटलीत दिसलं. ३.६ ते ३.८ गिगाहर्ट्झमधल्या २०० मेगाहर्ट्झचे त्यांनी चार सारखे तुकडे केले नाहीत, ८० चे दोन आणि २० चे दोन केले. मोठ्या कंपन्यांना दोनच मोठे तुकडे, मग काय होणार, एकेक ८० चा तुकडा जवळपास १.७ अब्ज युरोला गेला आणि पूर्ण लिलाव ६.५५ अब्जाचा झाला. पुढच्याच वर्षी शेजारच्या ऑस्ट्रियाने ३.४ ते ३.८ गिगाहर्ट्झ विकला, देशाचे १२ भाग करून, आणि आले १८८ दशलक्ष. देश लहान आहे हे मान्य, पण एवढा फरक नुसत्या लोकसंख्येने पडत नाही.

मग युरोप एकत्र लिलाव का करत नाही? कायद्यात वाट आहे, २०१८ च्या युरोपियन दूरसंचार संहितेत दोन किंवा जास्त देशांनी मिळून परवाने द्यायची तरतूद आहे. अडतं ते दोन गोष्टींवर. लिलावाचा पैसा प्रत्येक देशाच्या तिजोरीत जातो आणि तिजोरीवरचा हक्क कोणी सोडत नाही, आणि दुसरं म्हणजे जुने परवाने वेगवेगळ्या साली संपतात, एकाकडे बँड आज मोकळा तर शेजाऱ्याकडे पाच वर्षांनी. ती साखळी जुळवायची तर कुणाला तरी मुदत वाढवून द्यावी लागेल, आणि मुदतवाढ म्हणजे फुकट भेट असा ओरडा लगेच सुरू होतो.

म्हणून माझी मागणी त्याहून लहान आहे. लिलाव ज्याचा त्याने करावा, पण सीमेचा करार आधी, विक्री नंतर. हे जमतं. अमेरिकेने २०१६-१७ मध्ये टीव्ही स्टेशनांकडून ६०० मेगाहर्ट्झचा बँड परत घेऊन मोबाईलसाठी विकला, ८४ मेगाहर्ट्झ मोकळे झाले, १९.८ अब्ज डॉलर आले. पण त्याआधीच, २०१५ मध्ये, कॅनडाबरोबर बसून दोन्ही देशांतल्या टीव्ही चॅनेलची नवी मांडणी मिळून करायचं ठरवून घेतलं होतं, त्यामुळे कॅनडातली स्टेशनंही आपापल्या जागेवरून हलली. कॅनडाने स्वतःचा लिलाव २०१९ मध्ये केला, ३.४७ अब्ज कॅनेडियन डॉलर मिळवले. तारीख त्यांची, नियम त्यांचे, पैसेही त्यांचेच, आणि बोली लावणाऱ्याला आधीपासून माहीत होतं की सीमेपलीकडे त्याच बँडमध्ये टीव्ही नसून मोबाईलच असणार आहे.