ओसरीवरची आठ घरं

पोळा होऊन आठवडा झाला होता. तान्ह्या पोळ्यात मिरवलेला लाकडी बैल बेगडाच्या माळेसकट ओसरीच्या कोपऱ्यात उभा. बाहेर झड लागलेली, वावरात गुडघाभर चिखल, त्यामुळे भावाची दोन्ही लेकरं घरातच. मोठी शब्दांच्या जाती पाठ करत होती. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद... आठही एका दमात म्हणायची. पण ‘बैल’ची कोणती, असं विचारलं की आढ्याकडे बघायची.

धाकटा सहा वर्षांचा. खेळता खेळता थांबून म्हणाला, "आत्या, शब्दाईले बी जात असते काय वं?"

गावातल्या पोराला जात हा शब्द व्याकरणाच्या आधी भेटलेला असतो. मी जरा चपापलेच. म्हटलं, जात नको, घर म्हण. खडूनं फरशीवर आठ घरं आखली, शब्दांच्या चिठ्ठ्या केल्या आणि बैल उचलून पहिल्या, नामाच्या घरात ठेवला.

ते घर बघता बघता भरलं. पराटी, बंडी, डवरा, कुटार, बिबा. आमच्याकडे नामांना तोटा नाही. क्रियापदाची चिठ्ठी निघाली की मात्र बोलायचं नाही, करून दाखवायचं. मोठी वाकली, दोन्ही हातांनी हवेतलं काहीतरी भराभर तोडून पोटाशी टाकू लागली. "आई कापूस वेचून राह्यली!" धाकटा ओरडला. पेपरात ‘वेचत आहे’ असं लिहावं लागतं म्हणा. पण त्या ‘राह्यली’त दिवसभराचं वाकणं आहे.

विशेषणात खरी मजा आली. पांढरा बैल, पांढरी गाय, पांढरं वासरू. मग लाल बैल, लाल गाय, लाल वासरू. "हा काहून नाही बदलत?" कारण मलाही नीट सांगता येईना. हट्टी आहे, म्हटलं. मग दोघांनी हट्टी विशेषणं हुडकायचा सपाटाच लावला: सुंदर, कडक, हुशार.

भांडण जुंपलं ते ‘वर’वरून. "चिमणी वर उडाली," म्हणून मोठीनं चिठ्ठी क्रियाविशेषणात ठेवली. धाकट्यानं बैल पाटावर चढवला. "पाटावर बैल!" म्हणजे शब्दयोगी. तेवढ्यात आतून माझी आई म्हणाली, "अन् लग्नातल्या वराले कुठं बसवता?"

एक चिठ्ठी, तीन घरं. धाकट्याला ते फारच आवडलं. "म्हणजे काम बदललं का घर बदलते?"

"हाव," मी म्हटलं.

दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, मोरो केशव दामल्यांनी १९११ साली त्याच विषयावर जाडजूड ग्रंथ लिहिला. शाळेत मात्र केवलप्रयोगी अव्ययाची, म्हणजे अरेरे, अबब अशा उद्गारांची, पाळी शेवटी येते, तीही घाईत. वाक्यातल्या कुणाशी त्याचं नातं नसतं म्हणतात. इकडे तर बोलणं त्याच्यापासूनच सुरू होतं. तरी आमचंही आठवं घर रिकामंच होतं. मी त्याच्या चिठ्ठ्याच केल्या नव्हत्या.

आई चहा घेऊन बाहेर आली. खडू, चिठ्ठ्या आणि ओल्या पायांचे ठसे बघून दारातच थबकली.

"अव माय वं! आत्ताच तं पुसली होती ओसरी!"

धाकट्यानं माझ्याकडे पाहिलं. मग बैल उचलला आणि गुपचूप आठव्या घरात नेऊन ठेवला.