दहा वर्षांचा व्हिसा आणि 2 जुलै

आमच्या ट्रॅव्हल ऑफिसातून अमेरिकेला गेलेल्या एका काका-काकूंच्या मुलाचा निरोप साधा होता. आई-बाबांचा मुक्काम वाढवतोय, 20 जुलैची परतीची तिकिटं मी ऑगस्टअखेरची करून घेतो, तुम्ही फक्त प्रवास विम्याची मुदत वाढवून द्या. काका-काकू मार्चच्या 10 तारखेला अमेरिकेत पोचले होते, आणि निरोप आला तेव्हा जून अर्धा सरला होता.

विमा वाढवण्याआधी मी दोघांचे आय-94, म्हणजे तिथे कधीपर्यंत राहता येईल याच्या नोंदी, मागितले. उत्तरादाखल आला तो व्हिसाच्या स्टिकरचा फोटो, आणि खाली एक ओळ: "मॅडम, व्हिसा 2031 पर्यंत आहे."

व्हिसाच्या टेबलावर बसणाऱ्याला हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. माणसं शिकलेली असतात, बँकेचे कागद बारकाईने वाचणारी असतात, पण स्टिकरवरची ती शेवटची तारीख बघितली की बाकी काही वाचायची गरज त्यांना वाटत नाही. अमेरिकेच्या बी-1/बी-2, म्हणजे पाहुण्यांच्या, व्हिसावर दोन तारखा असतात, दिल्याची आणि संपण्याची. तिथे किती दिवस राहायचं, याबद्दल त्या स्टिकरवर एक अक्षरही नसतं. संपण्याच्या तारखेपर्यंत तुम्ही अमेरिकेच्या विमानतळावर जाऊन आत येण्याची परवानगी मागू शकता, एवढाच त्याचा अर्थ. आत घ्यायचं की नाही आणि कधीपर्यंत, हे तिथला इमिग्रेशन अधिकारी ठरवतो. त्याने ठरवलेली तारीख त्या आय-94च्या नोंदीत जाते. पूर्वी हे पांढरं कार्ड पासपोर्टला टाचलेलं असायचं, त्यामुळे ते निदान नजरेला पडायचं. विमानाने येणाऱ्यांसाठी 2013 पासून ते संगणकावर गेलं. आता वेबसाइटवर नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक घालून आपणच ते काढून बघायचं असतं. बघत कोणीच नाही.

मुलाने काढून पाठवले. काकूंचा 9 सप्टेंबरपर्यंत, म्हणजे नेहमीचे सहा महिने. काकांचा 2 जुलैपर्यंत.

मी आधी काकांच्या पासपोर्टचं पहिलं पान उघडलं. आमच्या फाइलला ते होतंच. मुदत संपण्याची तारीख, 2 जुलै. अधिकाऱ्याने काकूंना सहा महिने दिले आणि काकांना त्यांचा पासपोर्ट जितका टिकणार तितकेच दिवस दिले. दोघं एका रांगेत, एका खिडकीशी, एकाच मिनिटाला उभी होती. व्हिसाही एकाच दिवशी मिळालेला.

मग पासपोर्टला चार महिनेही उरले नसताना काकांना विमानात बसू कसं दिलं? पुष्कळ देश पासपोर्टला सहा महिने शिल्लक असावेत असा आग्रह धरतात. अमेरिकेने मात्र काही देशांना त्यातून सूट दिली आहे आणि त्या यादीत भारत आहे. त्यामुळे विमान कंपनीने अडवलं नाही, आणि तिकडच्या अधिकाऱ्यानेही परत पाठवलं नाही. त्याने फक्त तारीख अलीकडे ओढली. या सवलतीचा आधार घेऊन तो पूर्ण सहा महिने देऊ शकला असता, पण तसं होतंच असं नाही. नोकरीच्या व्हिसावर गेलेल्यांना हा अनुभव इतक्यांदा आलाय की ते उतरल्या उतरल्या तपासतात. पाहुणे म्हणून गेलेल्या आईवडिलांना हे सांगायला कोणी नसतं.

म्हणजे ऑगस्ट सोडाच, मूळची 20 जुलैची तिकिटंसुद्धा काकांना मुदतीबाहेर नेत होती.

मी फोन लावला. मुलगा आधी हसला. "अहो, अठरा दिवसांनी काय होतंय? व्हिसा तर आहे ना?" अठरा दिवसांनी अटक होत नाही, हे खरं. पण मुदतीपेक्षा एक दिवसही जास्त राहिलं तर तोच 2031 पर्यंतचा व्हिसा कायद्याने आपोआप रद्द ठरतो, आणि पुन्हा पहिल्यापासून अर्ज, मुलाखत सगळं आलं. 180 दिवसांहून जास्त बेकायदा राहून बाहेर पडलं तर तीन वर्षं प्रवेशबंदी, वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलं तर दहा वर्षं. हे ऐकल्यावर त्याचा आवाज खाली आला.

मग सगळ्यांनाच सुचतो तो उपाय निघाला: "कॅनडाला दोन दिवस जाऊन येतो, नवीन सहा महिने मिळतील." हा सल्ला कुठल्या कट्ट्यावर जन्मतो कोण जाणे, पण मरत काही नाही. तीस दिवसांच्या आतली अशी फेरी मारून आलं तर बहुधा जुनीच मुदत पुढे चालू राहते. शिवाय कॅनडाला वेगळा व्हिसा लागतो, आणि संपत आलेल्या पासपोर्टवर तो मागायचा कसा?

खरा मार्ग एकच होता, आय-539 अर्ज भरून मुक्काम वाढवून मागणं. तो मुदत संपायच्या आत द्यावा लागतो, आणि निदान 45 दिवस आधी द्यावा अशी तिथल्या खात्याचीच सूचना आहे. आमच्या हातात दोन आठवडे. त्यात पासपोर्टही भारतीय वकिलातीकडून नवा करून घ्यायचा. अर्ज वेळेत दिला तर निकाल लागेपर्यंत थांबता येतं, पण निकालाला महिने लागू शकतात. तोवर 2 जुलै उलटून गेलेली, आणि नकार आला तर काका मुदतीबाहेर थांबलेले. हे सगळं मी मुलाला सांगितलं आणि वकिलाला विचारायला सांगितलं. माझं मत विचारलंत तर काकांनी परत यावं, असंही सांगितलं.

काका तेवढ्यात फोनवर आले. "हिला नऊ सप्टेंबर आणि मला दोन जुलै? मी काय गुन्हा केलाय?" मागून काकूंचा आवाज: "पासपोर्ट नवा करा म्हणून दिवाळीपासून सांगत होते."

दोघांनी एकत्र परतायचं की नाही, यावर त्यांच्या घरी दोन दिवस खल झाला. शेवटी काकांचं एकट्याचं तिकीट 28 जूनचं झालं. विमान रद्द झालं, चुकलं, तर हाताशी चार दिवस असावेत म्हणून. काकू ऑगस्टअखेरपर्यंत राहिल्या, आणि मी विमा वाढवला तो फक्त त्यांचा.

युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसात निदान व्हिसाची मुदत आणि राहायचे दिवस या दोन्ही गोष्टी त्या एका स्टिकरवरच छापलेल्या असतात, पण गोंधळ तिथेही होतोच. दहा दिवसांच्या सहलीचा व्हिसा पुष्कळदा 25 दिवसांचा येतो, कारण प्रवास पुढेमागे झाला तर म्हणून 15 दिवसांची मोकळीक धरतात. राहायचे दिवस वेगळ्या रकान्यात असतात आणि तिथे 10च असतो. लोक 25 बघतात आणि भाच्याकडे आठवडाभर जादा राहायचा बेत करतात. पोचल्याचा आणि निघाल्याचा असे दोन्ही दिवस त्या दहात मोजले जातात, हे तर सांगूनही पटत नाही. बऱ्याच दिवसांचा मल्टिपल, म्हणजे पुन्हा पुन्हा जाता येणारा, व्हिसा असेल तर कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस. पूर्वी हा हिशेब शिक्के बघून होत असे. 12 ऑक्टोबर 2025 पासून तिथे येण्याजाण्याची नोंद संगणकावर घ्यायला सुरुवात झाली, त्यामुळे पुसट शिक्क्याच्या भरवशावर राहण्याचे दिवस संपले. ब्रिटनचा पाहुण्यांचा व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका खेपेला सहा महिनेच. भारतात येणाऱ्या परदेशी पाहुण्यांचंही तेच: पाच वर्षांचा ई-टुरिस्ट व्हिसा म्हणजे सलग पाच वर्षांचा मुक्काम नव्हे.

काकांनी आल्याबरोबर पासपोर्ट नवा करून घेतला. जुना कोपरा कापून परत मिळाला, पण आतल्या व्हिसाच्या पानाला धक्का लागलेला नव्हता. त्यामुळे तो व्हिसा चालू आहे. प्रवासात जुना आणि नवा दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवायचे. काकू परतल्यावर दोघं मला भेटायला ऑफिसात आली. पुढच्या वसंतात पुन्हा जायचा विचार होता. काकांचा प्रश्न तयारच होता, "या खेपेला मला पूर्ण सहा महिने नक्की ना?"

नक्की असं मी म्हणू शकत नव्हते. ते त्या खिडकीत बसलेला माणूस ठरवणार. मी कागदावर वेबसाइटचं नाव लिहून दिलं आणि उतरल्याच्या दिवशीच दोघांचे आय-94 काढून मला पाठवायला सांगितलं. काकांनी कागद खिशात घालायला हात पुढे केला, पण काकूंनी तो आधीच आपल्या पर्समध्ये टाकला होता.