मोजमाप पुस्तक कोणी लिहायचे?

सोलापुरातील एका निमशासकीय कार्यालयात मी ३१ वर्षे नोकरी केली आणि त्यांतील शेवटची नऊ वर्षे ‘संगणक’ या शब्दाखाली जे जे येते ते सगळे माझ्या टेबलावर होते: निविदा, देयके, वार्षिक देखभालीचे करार आणि कंत्राटी ऑपरेटरांची हजेरी. संगणकातले मला फारसे कळत नव्हते, पण नस्ती (फाइल) मात्र माझ्याकडेच असे.

एका ३१ मार्चला जुन्या कंपनीचा करार संपला आणि नव्या कंपनीने पहिल्याच दिवशी डेटाबेस मागितला. जुन्या कंपनीने एक पेनड्राइव्ह आणून दिला, ज्यात हजारो पाने पीडीएफ स्वरूपात होती, म्हणजे वाचता येतील पण कोणत्याही नव्या प्रणालीत चढवता येणार नाहीत अशी. करार काढून पाहिला, तर ‘माहितीची मालकी कार्यालयाची राहील’ एवढेच वाक्य होते. ती कोणत्या स्वरूपात परत द्यायची याविषयी अक्षर नव्हते, आणि तो मसुदा माझ्याच हातचा होता. पुढचे दोन महिने आमच्या ऑपरेटर त्या नोंदी पुन्हा टंकत बसल्या. त्यांतली एक विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतून येत असे. तिची आई घरी विड्या वळते. ती एकदा म्हणाली, “साहेब, कारखाना आईला पानं-तंबाखू वजन करून देतो आणि विड्या मोजून घेतो. वाईट निघाल्या तर छाट काढतो. आपण काय मोजून घेतलं?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

काम बाहेर देण्याला माझा विरोध नाही. पासपोर्टचेच उदाहरण घ्यावे. २००८ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने त्यासाठी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसशी करार केला. सेवा केंद्रात गेल्यावर टोकन, छायाचित्र, बोटांचे ठसे हे पहिल्या खिडकीवर कंपनीचे कर्मचारी करतात. पण पुढे कागदपत्रांची पडताळणी आणि पासपोर्ट मंजूर करण्याचा निर्णय शासनाचे अधिकारीच घेतात. कोणते काम द्यायचे आणि कोणते आपल्याकडेच ठेवायचे, ही रेघ तिथे आधीच आखलेली होती.

मागणीनुसार मिळणाऱ्या सेवेचे, म्हणजे स्वतःचा सर्व्हर न घेता दुसऱ्याच्या सर्व्हरवरची क्षमता इंटरनेटवरून भाड्याने घेण्याचे (क्लाउडचे) गणितही मला पटते. पूर्वी सर्व्हर घ्यायचा म्हणजे पुढच्या पाच वर्षांचा अंदाज बांधायचा, अंदाजपत्रकात तरतूद मिळवायची, वातानुकूलित खोली करायची, आणि यंत्र येईपर्यंत ते जुने झालेले असायचे. उलट आपल्याकडची गर्दी ठरलेल्या दिवसांची असते: जूनमध्ये प्रवेशासाठी उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले, ३१ जुलैच्या आसपास खरिपाचा पीकविमा. त्या काही आठवड्यांपुरती जादा क्षमता भाड्याने घ्यावी आणि मग सोडून द्यावी, हे शहाणपणाचेच आहे. केंद्राचा ‘मेघराज’ हा शासकीय क्लाउडचा उपक्रम २०१४ मध्ये आला, महाराष्ट्राने २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउडचे धोरण जाहीर केले, आणि आता क्लाउड सेवा शासकीय खरेदीच्या जेम पोर्टलवरूनही घेता येतात. अडचण एवढीच, की वापरानुसार येणारे देयक दर महिन्याला वेगळे असते आणि आमची मंजुरी मात्र ठरावीक रकमेची असते. शिवाय चाचणीसाठी घेतलेले आभासी यंत्र (क्लाउडवरचा भाड्याचा संगणक) बंद करायचे कोणाच्याच लक्षात राहत नाही. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या सोलापुरात नळ उघडा टाकून कोणी झोपणार नाही, पण हा नळ दिसतच नाही.

रस्त्याचे काम झाले की कनिष्ठ अभियंता मोजमाप पुस्तकात लांबी, रुंदी, जाडी लिहितो, वरचा अधिकारी ती तपासतो आणि त्यानंतर देयक निघते. त्यातही गडबडी होतात, पण निदान पुस्तक तरी असते. सॉफ्टवेअरच्या देयकाला ‘काम समाधानकारक आहे’ असे प्रमाणपत्र जोडतात, आणि त्याचा मसुदा बहुधा कंपनीच पाठवते. असे एक प्रमाणपत्र मीही, न वाचता म्हणता येईल इतक्या घाईने, साहेबांपुढे स्वाक्षरीसाठी ठेवले आहे.

आमच्या करारात सेवा महिन्यातून ९९.५ टक्के वेळ सुरू राहील अशी अट होती. ऐकायला ती कडक वाटते. ३० दिवसांचे तास ७२०, त्याचा अर्धा टक्का म्हणजे ३ तास ३६ मिनिटे. शेवटच्या तारखेला सकाळी अकरा ते दुपारी अडीच प्रणाली बंद पडली आणि बाहेर रांग जिन्यापर्यंत गेली, तरी कंपनी करार पाळतच असते. पूर्वसूचना देऊन केलेली देखभाल तर मोजायचीच नाही, अशी तळटीपही होती. आणि सेवा किती वेळ चालू होती याचा अहवाल कोण देणार? कंपनीच.

मनुष्यबळाची गोष्ट निराळी आणि अधिक कडवट आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने नऊ संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द केला, हे सर्वांना ठाऊक आहे. मला त्यातला एकच धागा इथे हवा आहे. तपासणाराही कंत्राटीच असेल, तर करार संपताच तो जातो आणि कार्यालयाची आठवणही त्याच्याबरोबर जाते.

पुढच्या निविदेत मी दोन अटी घातल्या. दर तीन महिन्यांनी संपूर्ण डेटाबेस आमच्या हार्डडिस्कवर द्यावा आणि तो दुसऱ्या यंत्रावर उघडून दाखवावा. सेवा बंद पडल्याची वेळ आमच्या खिडकीवरील नोंदवहीत लिहिली जाईल आणि तीच ग्राह्य धरली जाईल. दोनशे पानी वही आणून तिच्यावर लाल शाईने रकाने मीच आखले. पहिल्या महिन्यात कंपनीच्या अहवालात खंड शून्य होता. वहीत अकरा नोंदी होत्या, त्यांतल्या सात त्या विडी घरकुलातल्या मुलीच्या अक्षरात. देयकातून कपात झाली. कंपनीने पत्र पाठवले, आम्ही वहीच्या पानांच्या प्रती जोडून उत्तर दिले.

वर्षअखेरीस लेखापरीक्षण झाले आणि आक्षेप आला, तो कंपनीवर नव्हे, वहीवर: सदर नोंदवही कोणत्या नियमान्वये व कोणत्या विहित नमुन्यात ठेवली आहे, याचा खुलासा करावा. त्याचे अनुपालन, म्हणजे लेखी उत्तर, मी निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात पाठवले.