"भाऊ, तुमना फोन बंद शे ना"

परवा अमळनेरहून धुळ्याला लाल परीने चाललो होतो, एका कानात इअरफोन, फोन मांडीवर, आणि बहिणीला मेसेज टाइप करत होतो. शेजारचे काका बराच वेळ बघत असावेत, शेवटी राहवलं नाही त्यांना. "भाऊ, तुमना फोन बंद शे ना, काय करी राहिनात?"

मी स्क्रीन काळीच ठेवतो. टॉकबॅक म्हणजे अँड्रॉइडमधली स्क्रीनवरचं बोलून सांगायची सोय, तिच्या मेनूत स्क्रीन लपवायचा ऑप्शन असतो, मला दिसत नाही तर बसभर लोकांना कशाला दाखवू?

नजर हळूहळू गेली माझी, रेटिनायटिस पिगमेंटोसा हा डोळ्याच्या पडद्याचा आजार, आधी रात्रीचं आणि मग बाजूचं दिसेना. तेव्हा कीपॅडचा फोन होता, त्याच्या ५ वर टिपका असायचा, अंगठा तिथे टेकला की बाकी सगळे आकडे सापडायचे. टचस्क्रीन हातात आला आणि वाटलं संपलं आता, नुसती गुळगुळीत काच, धरायचं कशाला? खरंतर टॉकबॅक अँड्रॉइडवर २००९ पासून आहे आणि बोट फिरवून ऐकायची सोय २०११ च्या ४.० मध्ये आली, पण आमच्यापर्यंत पोचायला वेळ लागला, भाच्याने चालू करून दिलं तोवर मी दोन वर्षं कीपॅडच धरून बसलेलो.

गंमत अशी की यात हात लावणं वेगळं आणि दाबणं वेगळं. बोट फिरवलं की फोन फक्त नाव सांगतो, उघडायचं असेल तर दोनदा टकटक, आणि ती टकटक स्क्रीनवर कुठेही केली तरी चालते, त्या चिन्हावरच पाहिजे असं नाही. हे 'कुठेही' पटायलाच मला आठवडा गेला. उजवीकडे सरकवलं की पुढचं, डावीकडे की मागचं, यादी खाली न्यायची तर दोन बोटं.

टायपिंगला बोट अक्षरावर न्यायचं, ऐकायचं आणि उचलायचं, उचललं की अक्षर पडतं. पण श आणि ष, ऐकायला सारखेच हो! ऱ्हस्वदीर्घाचंही तेच, त्यामुळे इथे चुका दिसल्या तर समजून घ्या, मला त्या ऐकूच येत नाहीत. आवाजाचा स्पीड एवढा वाढवलाय की बायको म्हणते मिक्सर लावलाय का.

वैताग दोनच. सकाळी नातेवाइकांचे गुड मॉर्निंग येतात, फोन म्हणतो 'फोटो', पुढे 'फोटो', परत 'फोटो', आत गणपती आहे का गुलाब देव जाणे. आणि माझ्या बँकेचं अ‍ॅप, त्यात एका स्क्रीनवर 'अनलेबल्ड बटन' सलग चार, म्हणजे अंधारात चार दारं आणि एकावरही पाटी नाही. एकदा पैसे पाठवायला गेलो आणि लॉगआउट झालो. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं मणी अ‍ॅप आहे, २०२० चं, घरी बरं चालतं, पण भाजीबाजारात मागे चार जण उभे असताना कॅमेरा कोण धरून बसणार? त्यापेक्षा क्यूआर कोड स्कॅन करून पैसे देतो, दुकानातला डबा आकडा मोठ्याने बोलतोच.

हे सगळं काकांना सांगितलं, तर ते एकदम म्हणाले, "अरे, मनी मायना फोन बी असाच बडबड करस!" आठवडाभर कोणाला बंद करता येईना, आणि मोबाईलवाला फॉरमॅट मारू म्हणत होता.

मी म्हटलं घरी लावा फोन. पोराला म्हणालो, आवाजाची दोन्ही बटणं एकदम दाब, तीन सेकंद सोडू नको.

पलीकडून आधी भांड्यांचा आवाज, मग मायचं काहीतरी बोलणं, आणि मग तो माझ्या रोजच्या ओळखीचा बाईचा आवाज: "टॉकबॅक बंद."